पक्कं खेळाचं कोर्ट बांधताना: ॲक्रिलिक, टाइल आणि रबर यांचं परीक्षण

ज्या कोर्टला कुलूप नसतं, जिथे रखवालदार नसतो आणि कोणते बूट घालून यायचं हे सांगायला कुणी उभं नसतं, अशा कोर्टसाठी आमची पहिली पसंती साध्या, गादी नसलेल्या ॲक्रिलिक कोटिंगला आहे. खाली काँक्रीट असो वा डांबर, दोन्ही चालतं. एकमेकांत अडकणाऱ्या प्लास्टिक टाइल दुसऱ्या क्रमांकावर, तेही ठरावीक जागीच. ओतीव रबर चेंडूच्या खेळांसाठी घेऊ नये.

हा निकाल काही अटींवर उभा आहे आणि त्या अटी कॅटलॉगमध्ये नसतात. विक्रेता वरच्या थराबद्दल भरभरून बोलतो. रंगाचा तो थर जेमतेम एक-दोन मिलिमीटरचा. त्याचं आयुष्य ठरवतात खालचे पावणेतीनशे मिलिमीटर: दीडशेची दाबलेली खडी आणि सव्वाशेचा स्लॅब. म्हणून या परीक्षणात वरच्या मालाइतकीच जागा खालच्या कामाला दिली आहे.

आधी जागा मोजा

बास्केटबॉलचं पूर्ण कोर्ट २८ बाय १५ मीटर. चारही बाजूंनी दोन-दोन मीटर मोकळे सोडले की स्लॅब होतो ३२ बाय १९, म्हणजे ६०८ चौरस मीटर. एवढ्या जागेत व्हॉलीबॉल सहज बसतो: कोर्ट १८ बाय ९, भोवती तीन मीटर मोकळे, एकूण २४ बाय १५. बॅडमिंटनचं कोर्ट १३.४० बाय ६.१० आणि पिकलबॉलचं (सपाट बॅट आणि भोकांच्या प्लास्टिक चेंडूचा खेळ) १३.४१ बाय ६.१०, म्हणजे रेषांची बाहेरची चौकट दोघांना एकच चालते.

टेनिस मात्र बसत नाही. दुहेरीचं कोर्ट २३.७७ बाय १०.९७ असलं तरी मागे ६.४० आणि बाजूला ३.६६ मीटर धरले की ३६.५७ बाय १८.२९ लागतं. ३२ मीटरच्या स्लॅबवर टेनिसच्या रेषा मारल्या तर बेसलाइनच्या मागे चार मीटर उरतात. सर्व्हिस परतवणारा खेळाडू थेट जाळीवर जातो. फुटसाल (पाच-पाच जणांचा फुटबॉल) आणि हँडबॉलचं ४० बाय २० हे माप तर वेगळ्याच आकाराची जागा मागतं. तिथे लहान मुलांचा फुटबॉल खेळू द्यावा, पण नियमांच्या मापाचा आव आणू नये.

जागा कमी असेल तर पूर्ण कोर्ट दाबून बसवण्यापेक्षा थ्री-बाय-थ्रीचं, म्हणजे एका रिंगवर तीन विरुद्ध तीन खेळायच्या बास्केटबॉलचं, १५ बाय ११ चं कोर्ट घ्या. भोवती दोन मीटर धरून १९ बाय १५, म्हणजे २८५ चौरस मीटर. सार्वजनिक जागेत दहा जणांचा पूर्ण सामना क्वचितच जमतो. चार-सहा जण एका रिंगखाली खेळतात आणि बाकीचे वाट बघतात. दोन लहान कोर्टं एका मोठ्या कोर्टपेक्षा जास्त लोकांना खेळवतात, हे आम्ही ठामपणे सांगू.

लांब बाजू उत्तर-दक्षिण ठेवा, म्हणजे सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन रिंगकडे किंवा नेटकडे बघणाऱ्याच्या डोळ्यांत जात नाही. लोक नेमके त्याच वेळी खेळायला येतात.

ढाळ: इथे चुकलं की पुढचं सगळं वाया

उघड्यावरच्या कोर्टला दर मीटरला एक सेंटिमीटर ढाळ लागतो, आणि तो एकाच पातळीत, एकाच दिशेने. मध्ये उंच आणि दोन्हीकडे उतरता असा रस्त्यासारखा ढाळ कोर्टला चालत नाही. चेंडू घरंगळतो आणि मधल्या वरंब्यावर धावणाऱ्याचा पाय फसतो. ढाळ आडव्या बाजूने द्या, म्हणजे १९ मीटर रुंदीत एकूण १९ सेंटिमीटर उतार. लांबीच्या दिशेने दिलात तर दोन रिंगांच्या खालची जमीन एकमेकींपेक्षा साधारण २५ सेंटिमीटर खाली-वर होते, कारण रिंगांमधलं अंतर जवळपास २५ मीटर असतं. एका संघाला चढावर हल्ला करायचा, दुसऱ्याला उतारावर.

व्हॉलीबॉलचा नियम उघड्या मैदानाला मीटरमागे पाच मिलिमीटरच ढाळ देतो. व्हॉलीबॉल हा मुख्य खेळ असेल तर अर्धा टक्का ढाळ ठेवता येतो, पण मग स्लॅबची लेव्हल दुपटीने अचूक हवी. एक टक्क्याच्या ढाळात दोन-तीन मिलिमीटरचा खळगा पाणी बराचसा सोडून देतो, अर्ध्या टक्क्यात तोच खळगा डबकं होतो. गवंड्यांची टीम रोज असलं काम करणारी नसेल तर एक टक्काच ठेवा. व्हॉलीबॉलचं नेट पुलीवर वर-खाली होणाऱ्या खांबांवर घ्या आणि दोन्ही टोकांची उंची त्या-त्या खांबाजवळच्या फरशीपासून मोजून बांधा.

लेव्हलची दोरी फक्त कडांना लावून भागत नाही. दर तीन मीटरला खुंट्या मारून त्यांच्यावर उंची नोंदवा, आणि खडीच्या थरावरच हे काम करा. खडीत राहिलेला खड्डा काँक्रीट भरून काढेल असं कंत्राटदार म्हणतो. तो भरतोही, पण तिथे स्लॅब जाड आणि शेजारी पातळ होतो, आणि जाड-पातळाच्या सीमेवरच तडा जातो.

काम झाल्यावर रंग लावायच्या आधी पाण्याची चाचणी घ्या. ऊबदार, कोरड्या दिवशी पूर्ण कोर्टवर पाणी सोडा आणि तासभर थांबा. जिथे अजून पाणी साचलं आहे तिथे दोन मिलिमीटरच्या आसपास जाडीचं नाणं आडवं ठेवा. नाणं बुडलं तर त्या खळग्याची कड खडूने आखून पॅच मारून घ्या. नाणं उघडं राहिलं तर ते पाणी वाळेल. खेरीज तीन मीटरची सरळ पट्टी आडवी-उभी फिरवून खालची फट बघा, तीन मिलिमीटरपेक्षा जास्त नको. ही चाचणी आणि हा आकडा दोन्ही करारात लिहून घ्या. रंग लागल्यानंतर केलेला पॅच कायम दिसतो.

काँक्रीट की डांबर

डांबराचा मोठा गुण म्हणजे सांधे नसतात. साधारण ४० मिलिमीटरचा खालचा आणि २५ चा बारीक खडीचा वरचा थर पुरतो. मात्र कडक उन्हात त्याचं तापमान ६० अंशांच्या वर जातं. तेव्हा सायकलचा स्टँड, खुर्चीचा पाय, नेटच्या फिरत्या खांबाचं वजन यांचे खड्डे पडतात. ताज्या डांबरातली हलकी तेलं उडायला दोन ते चार आठवडे लागतात. त्याआधी कोटिंग केलं की ते नीट चिकटत नाही आणि थोड्याच दिवसांत पोपडे सुटतात. उद्घाटनाची तारीख आधी जाहीर झालेल्या कामांत हा दोष हमखास दिसतो.

काँक्रीट कडक राहतं, खड्डे पडत नाहीत, पण सांधे अटळ असतात. १२५ मिलिमीटरच्या स्लॅबला दर तीन ते पावणेचार मीटरवर कटर मारावा लागतो. खोली जाडीच्या चौथ्या हिश्शाइतकी, म्हणजे ३२ मिलिमीटरच्या आसपास. काँक्रीट कटरची धार सहन करण्याइतकं घट्ट झालं की लगेच कापायचं, सहसा ६ ते १८ तासांत. दुसऱ्या दिवशी दुपारी कटर आणला तर स्लॅबने स्वतःचे सांधे स्वतःच पाडलेले असतात, आणि तेही वेडेवाकडे. सांध्यांची आखणी कोर्टच्या नकाशावरच करा. जमेल तितके सांधे मध्यरेषेखाली, नेटखाली, कोर्टबाहेरच्या पट्ट्यात न्या.

६०८ चौरस मीटरला सव्वाशे मिलिमीटर जाडीने ७६ घनमीटर काँक्रीट लागतं, म्हणजे सहा घनमीटरच्या मिक्सरच्या गाड्या तेरा. एका दिवसात एवढं ओतून, लेव्हल करून, झाडूची रेघ मारून होत नाही. पट्टे पाडून ओता आणि दोन पट्ट्यांमधल्या सांध्याला सळईचे डॉवेल (दोन्ही पट्ट्यांत अर्धे-अर्धे शिरणारे तुकडे) द्या, म्हणजे एक पट्टा दुसऱ्यापेक्षा वर उचलला जाणार नाही.

ॲक्रिलिक लावायचं असेल तर काँक्रीटच्या बाबतीत तीन गोष्टी डोळ्यांत तेल घालून बघा. खाली पाव मिलिमीटर जाडीचा पॉलिथिनचा कागद अंथरलेला हवा, जोडावर एकावर एक चढवून टेप मारलेला. तो नसेल तर जमिनीतली वाफ स्लॅबमधून वर येते आणि रंगाखाली फोड येतात. दुसरं, क्युरिंग कंपाउंड, म्हणजे काँक्रीटमधलं पाणी उडू नये म्हणून फवारायचं रसायन, मारू देऊ नका. त्याच्या मेणचट थरावर कोटिंग धरत नाही. ओलं बारदान टाकून पाणी मारा. तिसरं, वरचं फिनिश मध्यम झाडूचं हवं. पंख्याच्या मशीनने आरशासारखं गुळगुळीत केलेलं काँक्रीट बघायला छान वाटतं, पण रंगाला धरायला त्यात काही नसतं.

जमीन पाणी पिऊन फुगणारी काळी चिकणमाती असेल तर ती काढून मुरूम भरा, किंवा चुन्याने स्थिर करा. किती खोल, हे माती तपासूनच ठरवा. अशा मातीवर सरळ स्लॅब ओतला तर कडा ऋतूनुसार वर-खाली होतात आणि कोणताही रंग त्यावर तग धरत नाही. भराव १५-२० सेंटिमीटरच्या थरांत टाकून रोलर मारायचा आणि प्रॉक्टर चाचणीत (माती दाबून तिची जास्तीत जास्त घनता काढायची प्रयोगशाळेतली चाचणी) मिळालेल्या घनतेच्या ९५ टक्के घनता आली की पुढचा थर. झाडं जवळ असतील तर मुळं अडवणारा पडदा घाला. डांबराला मुळं काही वर्षांत कणा काढल्यासारखी वर उचलतात.

ॲक्रिलिक कोटिंग

आता मुख्य माल. पाण्यात मिसळणारं ॲक्रिलिक, त्यात बारीक सिलिका वाळू, आणि रंग. काँक्रीटवर आधी सौम्य आम्लाने धुऊन किंवा ग्राइंडर मारून पृष्ठभाग मोकळा करायचा, मग प्रायमर. डांबरावर थेट रिसरफेसरचे एक किंवा दोन हात, जे खडीमधली भोकं बुजवतात. त्यावर वाळू घातलेल्या रंगाचे दोन हात, शेवटी रेषा. सगळं रबरी स्क्वीजीने (लांब दांड्याच्या सपाट पट्टीने) ओढलं जातं आणि प्रत्येक हात आधीच्या हाताला काटकोनात मारायचा असतो. रोलरने लावतो म्हणणाऱ्या माणसाला हे काम देऊ नका. रोलर वाळू सारखी पसरत नाही.

काँक्रीट २८ दिवसांचं झालं म्हणजे ते कोरडं झालं असं नाही. अर्धा मीटर चौरस पॉलिथिन चारही बाजूंनी टेपने चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी खालून थेंब धरले असतील किंवा काँक्रीट काळपट दिसत असेल तर अजून थांबा. धुतलेल्या जागेवर पाण्याचे थेंब टाकूनही बघा. मिनिटभरात शोषले गेले तर पृष्ठभाग मोकळा आहे, मण्यांसारखे उभे राहिले तर अजून धुवायला हवं.

काम चालू असताना तिथे उभं राहणं शक्य असेल तर बादलीकडे लक्ष ठेवा. वाळू जड असते, दहा मिनिटांत ती तळाला बसते. ड्रिलला पंखा लावून मिश्रण सतत ढवळत राहावं लागतं. ते झालं नाही की बादलीच्या वरच्या भागाचा रंग पातळ आणि निसरडा उतरतो, तळाचा खरखरीत. असं कोर्ट वाळल्यावर एकाच रंगाचं दिसतं. पहिल्या पावसात मात्र कुठे पाय घसरतो आणि कुठे अडकतो हे कळतं. वाळल्यावर हाताचा तळवा चार-पाच ठिकाणी फिरवला तरी फरक जाणवतो. ओल्या पृष्ठभागावर पेंडुलमची चाचणी (लोलकाच्या टोकाचं रबर घासून पकड मोजणारी) करून घेता आली तर आकडा ३६ च्या वर हवा, त्याखाली घसरण्याचा धोका वाढत जातो.

हवामानाची अटही कडक आहे. तापमान दहा अंशांच्या वर आणि वाढतं असावं, पुढचे चोवीस तास पाऊस नको. संध्याकाळी उशिरा मारलेल्या हातावर दव पडतं आणि सकाळी रंग पुसला जातो. भर दुपारी तापलेल्या स्लॅबवर रंग ओढता ओढताच वाळतो आणि स्क्वीजीच्या कडेच्या रेघा उभ्या राहतात. सकाळी सुरू करून दुपारी थांबणारी टीम निवडा.

गादीचं ॲक्रिलिक, म्हणजे खाली रबराचे कण असलेले चार ते आठ थर, गुडघ्यांना खरोखर आराम देतं. पण खुल्या कोर्टवर स्केटबोर्ड येतात, सायकली येतात, समारंभाच्या खुर्च्या येतात. गादी कापली जाते आणि कापलेल्या जागेतून पाणी शिरून आजूबाजूचा थर सुटतो. बंद दारामागच्या क्लबला ते शोभतं, इथे नको.

साध्या ॲक्रिलिकचं आयुष्य बेस चांगला असेल तर साधारण चार ते आठ वर्षं. नंतर धुऊन, भेगा भरून, रंगाचे दोन हात पुन्हा मारले की कोर्ट परत उभं राहतं. आमच्या मते हाच त्याचा सर्वांत मोठा गुण. दोष दोन. सांध्यांवर ते तडकतंच, कारण सांध्यात भरलेलं लवचिक सीलंट हलतं आणि वरचा रंग हलत नाही. म्हणून सांधे रंगाखाली लपवू देऊ नका, टेप लावून उघडे ठेवा. आणि गडद रंग तापतात. खेळाच्या भागात मध्यम निळा किंवा फिकट हिरवा आणि बाहेरच्या पट्ट्यात आणखी फिकट रंग घेतला तर अनवाणी पायालाही बरं.

प्लास्टिक टाइल

पॉलिप्रॉपिलीनच्या जाळीदार टाइल, सुमारे ३०५ मिलिमीटरच्या, कडांना कड्या आणि खुंट्या. ३२ बाय १९ च्या कोर्टला लांबीत १०५ आणि रुंदीत ६३, म्हणजे ६,६१५ टाइल. त्याच लॉटच्या तीन टक्के जास्त आधीच मागवून ठेवा, कारण नंतरच्या लॉटचा रंग जुळत नाही. चार माणसं दोन-तीन दिवसांत अंथरतात. पाणी भोकांतून खाली जातं, तुटलेली टाइल बदलता येते, गच्चीवरही बसते. पडल्यावर काँक्रीटइतका मार लागत नाही, पण घासलेल्या गुडघ्याला प्लास्टिक चटका देतं.

खराब बेस टाइलखाली झाकला जातो असं सांगून हा माल विकला जातो. ते खरं नाही. खालच्या खळग्यावर टाइल अधांतरी राहते. तिथे चेंडू मरतो, पाय पडला की टकटक वाजतं आणि कड्या एकेक करून तुटतात. खळग्यात साचलेलं पाणी आता दिसत नाही इतकंच. तिथे शेवाळ आणि डास दोन्ही वाढतात. टाइलसाठीही ढाळ आणि तीन मीटर पट्टीची चाचणी तितकीच सक्तीची. फक्त भेगा, ज्या वर-खाली झालेल्या नाहीत, टाइल झाकू शकते. जुना, तडे गेलेला पण ढाळ शाबूत असलेला स्लॅब असेल तर टाइल हा खरोखर चांगला पर्याय आहे, आणि गच्चीसाठी तर पहिला.

दुसरी गोष्ट उष्णतेची. पॉलिप्रॉपिलीन दर अंशाला दर मीटरमागे साधारण ०.१ ते ०.१५ मिलिमीटर वाढतं. ३२ मीटर लांबी आणि पहाटेपासून दुपारपर्यंत पृष्ठभागाच्या तापमानात ३० अंशांचा फरक धरला तर ती वाढ ९६ ते १४४ मिलिमीटर होते. टाइलमधल्या स्प्रिंगसारख्या कड्या त्यातली बरीचशी पोटात घेतात, उरलेली कडेला बाहेर सरकायला जागा मागते. बसवणारा नीटनेटकं दिसावं म्हणून टाइल खांबाभोवती घट्ट कापतो किंवा कडेची पट्टी बोल्टने जमिनीत ठोकतो. मग दुपारी कोर्टच्या मध्यावर फुगवटा येतो. खांबांभोवती आणि चारही कडांना मोकळी फट ठेवा, कुठेही ठोकू नका. थंडीच्या सकाळी अंथरणार असाल तर फट आणखी मोठी.

घेण्याआधी एक सोपी परीक्षा: तोच बास्केटबॉल, १.८ मीटर उंचीवरून, आधी नुसत्या काँक्रीटवर आणि मग अंथरलेल्या नमुन्यावर टाकून उसळी बघा. नमुना टेबलावर नको, किमान दोन मीटर चौरस जमिनीवर हवा. त्यावर पाणी ओतून, नेहमीच्या बुटांनी वळण घेऊनही बघा. काही टाइल ओल्या झाल्या की साबण लावल्यासारख्या होतात. उन्हापासून वाचवणारी रसायनं मिसळली आहेत का, हे लेखी घ्या. नाहीतर टाइल ठिसूळ होऊन कड्या तुटतात. घरं अगदी लागून असतील तर टाइलचा खडखडाट संध्याकाळी तक्रारी आणतो. तिथे ॲक्रिलिकच बरं.

बाकीचे पर्याय, थोडक्यात

ओतीव रबर चढायच्या साधनांखाली लागतं, पडणाऱ्या मुलाला झेलायला. त्या साधनांखाली पक्कं कोर्ट कधीच नको, हेही इथेच सांगायला हवं. पण चेंडू त्यावर नीट उसळत नाही आणि अचानक थांबणाऱ्या बुटांखाली कण सुटतात. लहानग्यांच्या कोपऱ्यापुरतं ठेवा. सच्छिद्र डांबर पाणी स्वतः गिळतं, ढाळाची चिंता कमी, पण खालची खडीही सच्छिद्रच लागते. भोकांत माती आणि शेवाळ बसलं की दाबाच्या पाण्याने धुण्यावाचून इलाज नाही. पृष्ठभाग खरखरीत असल्याने गुडघे सोलतात. नुसतं झाडूचं काँक्रीट, फक्त रेषा मारलेलं, हे मात्र गरिबाचं म्हणून हिणवू नका. पैसे तोकडे असतील तर रंगावर वाचवा, ढाळावर नाही. दोन वर्षांनी रंग लावता येतो.

रिंग, खांब, जाळी

बास्केटबॉलचा खांब कोर्टच्या शेवटच्या रेषेच्या बाहेर, बोर्ड आत. बोर्डचा पुढचा पृष्ठभाग रेषेपासून १.२० मीटर आत येतो, रिंग जमिनीपासून ३.०५ मीटरवर. खांबाला रेषेच्या एक मीटर मागे उभं केलं तरी हात सव्वादोन मीटर पुढे यायला हवा. तेवढ्या लांब हाताला लटकणाऱ्या मुलाचं वजन पेलायला पाया मीटरभर खोल आणि मीटरभर रुंद तरी हवा. हा पाया स्लॅबशी एकजीव करू नका. मध्ये फोमची पट्टी घाला, नाहीतर खांबाच्या प्रत्येक धक्क्याने कोपऱ्यातून किरणांसारखे तडे निघतात. खुल्या जागेत स्प्रिंगची रिंग टिकत नाही, दुहेरी सळईची घट्ट रिंग आणि गॅल्व्हनाइज्ड साखळीचं नेट घ्या.

व्हॉलीबॉलच्या खांबांच्या जमिनीतल्या नळ्या स्लॅब ओतायच्या आधी बसवाव्या लागतात, बाजूच्या रेषेपासून अर्धा ते एक मीटर बाहेर. नळीच्या तळाशी खडी भरा, म्हणजे आत शिरलेलं पाणी जिरेल. झाकण साखळीने बांधलेलं आणि फरशीच्या बरोबरीचं हवं. झाकण हरवलेल्या उघड्या नळीत घोटा मुरगळतो, हा या कोर्टांवरचा सर्वांत टाळता येण्याजोगा अपघात आहे. म्हणून प्रत्येक झाकणाचे दोन जादा नग पहिल्याच दिवशी घ्या.

फुटबॉलचे गोल सुटे नकोत. मूल लटकलं की गोल उलटतो आणि त्यात जीव गेले आहेत. ३ बाय २ मीटरचे गोल जाळीतच आत घेतलेले बरे.

जाळी बाजूंना तीन मीटर, रिंगांच्या मागे चार. साखळी-विणीची जाळी मुलं चढली की पोट काढते. ८ आणि ६ मिलिमीटरच्या तारांची वेल्डेड पॅनल जास्त टिकतात. पॅनल आणि खांब यांच्यात रबराचा तुकडा हवाच. तो नसेल तर प्रत्येक चेंडूला लोखंड लोखंडावर आपटून सगळ्या आवारात आवाज जातो. पॅनलची तारांची टोकं वर येऊ देऊ नका. ८९ ते २३० मिलिमीटरची फट कुठेही नको, कारण त्यात लहान मुलाचं अंग जातं आणि डोकं अडकतं.

दारं किमान दोन, वेगवेगळ्या बाजूंना. एकच दार असेल तर तिथे बसलेला एक गट पूर्ण कोर्टवर ताबा ठेवतो आणि मुली, लहान मुलं आत यायचंच टाळतात. व्हिएन्नामध्ये १९९० च्या दशकाच्या शेवटी काही उद्यानांची मांडणी नेमकी या कारणाने बदलण्यात आली. मोठ्या मोकळ्या जागा विभागल्या, व्हॉलीबॉल आणि बॅडमिंटनची सोय केली, आणि मुलींचं येणं वाढलं. दारातून व्हीलचेअर जायला ९० सेंटिमीटर मोकळे हवेत. शिवाय साफसफाईच्या गाडीसाठी तीन मीटरचं एक कुलूपबंद दार ठेवा. बाक कोर्टच्या बाजूला, आत तोंड करून ठेवा. बघणारे आले की खेळणारे येतात.

रेषा आणि दिवे

सगळ्या रेषा ५० मिलिमीटरच्या. मुख्य खेळाला पांढरा, दुसऱ्याला पिवळा, तिसऱ्याला फरशीपेक्षा वेगळा उठणारा एखादा रंग, आणि तिथेच थांबा. हिरव्यावर लाल घेऊ नका, रंगांधळ्या खेळाडूला ती रेषा दिसतच नाही. दुय्यम रेषा मुख्य रेषेला छेदते तिथे ७५ मिलिमीटर अलीकडेच तोडा, म्हणजे मुख्य खेळ डोळ्याला अखंड दिसतो. मास्किंग टेप लावल्यावर तिच्या कडेवर आधी पारदर्शक सीलर फिरवायचा आणि मग रंग. ते टाळलं की वाळूच्या खरखरीत पृष्ठभागावर टेपखालून रंग पाझरून रेषेला दाते पडतात.

दिव्यांसाठी साध्या खेळाला ७५ लक्स (उजेडाचं माप) पुरतात, बास्केटबॉल किंवा व्हॉलीबॉलचे स्थानिक सामने भरवायचे असतील तर २०० धरा. खांब मोकळ्या पट्ट्याच्या बाहेर, आणि वायरचे पाइप स्लॅब ओतायच्या आधी टाकलेले असावेत, नंतर दिवे लावायचा विचार असला तरी. ठरल्या वेळी आपोआप बंद होणारा टायमर घ्या.

ताब्यात घेताना काय मागायचं

रंगाच्या प्रत्येक हाताचा शेड नंबर आणि लॉट, वाळूचा मेश (कणांचा बारीकपणा), सांध्यांचा नकाशा, जमिनीखालच्या पाइपांचा नकाशा, आणि पाण्याच्या चाचणीचे तारीख दिसणारे फोटो. ही कागदपत्रं पाच वर्षांनी पुन्हा रंग लावताना लागतात आणि तोवर मूळ कंत्राटदार सापडेलच असं नाही. बिलाचा शेवटचा हप्ता एका पूर्ण पावसाळ्यानंतर द्यायचा, असं करारात घाला. पोपडे, फोड आणि डबकी या तिन्ही गोष्टी तेवढ्या काळात स्वतःहून समोर येतात.

देखभालीला रोज झाडू, महिन्याला एकदा मऊ ब्रशने धुणं आणि दर तीन महिन्यांनी बोल्ट, रिंग, नळ्यांची झाकणं तपासणं एवढं पुरतं. दाबाचं पाणी मारायचं असेल तर पंख्यासारख्या फवाऱ्याने आणि अर्धा मीटर अंतरावरून. टोकदार धार ॲक्रिलिक सोलून काढते. खालच्या बाजूच्या गटाराची जाळी पावसाआधी उचलून आतली पानं आणि गाळ काढून टाका.